जुना नाच, खुले रिंगण



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले. या व्यासपीठावरून आजवर भाषा, इतिहास, शिक्षण, समाजसुधारणा अशा विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले आहेत. त्या परंपरेत नाचासारखा विषय मी निवडला याचे काहींना नवल वाटले असेल. निमंत्रणपत्रिका हाती पडताच दोघा-तिघा स्नेह्यांनी मला हसत हसत तसे विचारलेही. आपल्या सभ्य घरांत ‘नाच’ हा शब्दच पुष्कळ काळ दबक्या आवाजात उच्चारला जाई. पण सर कवायतीच्या तासाला लेझीम शिकवीत, तेव्हा ते गणिताच्या तासाला असत तितकेच गंभीर असत. शेजारच्याकडे ज्याचे लक्ष नाही त्याचा हात चुकणारच, असे त्यांचे म्हणणे असे. आज मी जे सांगणार आहे त्याचे बीज त्या तासांत आहे.

माझा विषय आहे जुन्या काळचे सहनृत्य आणि ते पुन्हा नाचण्यातला आनंद. सहनृत्य म्हणजे प्रेक्षकांसाठी रंगमंचावर केलेले नृत्य नव्हे. ज्यात जमलेले सारेच नाचतात, ज्याला तिकीट काढून पाहणारा वेगळा वर्ग नसतो, ते सहनृत्य. गेल्या चाळीसएक वर्षांत जगातील अनेक शहरांत अशा जुन्या नाचांच्या सायंकाळी भरू लागल्या आहेत. एखादे विशिष्ट दशक ठरवायचे, त्या दशकातला पोशाख करायचा, त्या काळच्या चाली वाजवणारा वाद्यवृंद बोलवायचा आणि त्या काळी लोक जसे नाचत तसे नाचायचे, अशी ही रीत.

न्यूयॉर्कच्या बंदरात गव्हर्नर्स आयलंड नावाचे बेट आहे. तेथे २००५ साली ‘जॅझ एज लॉन पार्टी’ सुरू झाली. मायकेल ॲरेनेला यांचा ड्रीमलँड ऑर्केस्ट्रा तेथे १९२०च्या दशकातील संगीत वाजवतो. पुरुष फिकट रंगाचे सूट आणि गवती हॅट घालून येतात. स्त्रिया कंबर सैल असलेले झगे आणि मोत्यांच्या लांब माळा घालतात. हिरवळीवर चादरी अंथरून लोक फराळ करतात आणि चार्ल्सटन नाचतात. इंग्लंडातील बाथ शहरात २००१ सालापासून जेन ऑस्टिनच्या नावाने महोत्सव भरतो. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे वेष करून लोक समोरासमोर रांगा धरतात आणि त्या काळचे नाच नाचतात.

आता प्रश्न असा की, ही माणसे नेमका कशाचा आनंद घेतात? आपल्याकडे याला ‘स्मरणरंजन’ असा सुंदर शब्द आहे. परंतु हिरवळीवर नाचणाऱ्या तरुण-तरुणींना १९२५ साल आठवणे शक्यच नाही. त्यांचे आईवडीलही तेव्हा जन्मलेले नव्हते. जे अनुभवलेलेच नाही त्याचे स्मरण कसले? यावर कोणी म्हणेल की हा केवळ वेषांतराचा खेळ आहे. वेषाचा आनंद त्यात आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि वेष करून आलेला माणूस तासाभरात आरशाकडे पाहणे विसरतो, आणि तरीही मध्यरात्रीपर्यंत नाचत राहतो. त्याला धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे.

अशा सायंकाळी मी स्वतः गेले आहे आणि नाचलेही आहे. आरंभी तासभर नवशिक्यांना धडा देतात. सगळे मोठे वर्तुळ करतात, आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक बाजू पुढे सरकते. त्यामुळे तासाभरात तुमचे वीस अनोळखी माणसांशी हात मिळालेले असतात. त्यात महाविद्यालयातला मुलगा असतो, निवृत्त परिचारिका असते, दिवसभर संगणकापुढे बसणारा अभियंता असतो. मग वादन सुरू होते. कोणीही कोणालाही विचारावे, नको असल्यास नम्रपणे नाही म्हणावे, नाच संपल्यावर आभार मानावेत, एवढेच नियम. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. त्यामुळे त्या काळची बहुतेक गाणी तेवढीच. तीन मिनिटे एका अपरिचित माणसाकडे पूर्ण लक्ष द्यायचे, त्याच्या हाताचा दाब ओळखायचा, त्याचा तोल सांभाळायचा, आणि मग निरोप घ्यायचा. आजच्या नागर जीवनात असा प्रसंग दुसरीकडे क्वचितच येतो. जुन्या काळातून ही माणसे परत आणू पाहतात ती ही गोष्ट होय, असे माझे मत आहे.

परंतु हा आनंद निर्माण कोणी केला आणि त्यांच्या वाट्याला काय आले, हे जाणल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. म्हणून मी आपणांस एका विशिष्ट नाचाची आणि एका विशिष्ट सभागृहाची हकीगत सांगते. नाचाचे नाव लिंडी हॉप आणि सभागृहाचे नाव सॅव्हॉय बॉलरूम.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, लेनॉक्स ॲव्हेन्यूवर, १२ मार्च १९२६ रोजी सॅव्हॉय उघडले. दक्षिणेकडील राज्यांतील अन्यायाला आणि दारिद्र्याला कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या शहरांत येत होती, तो हा काळ. हार्लेम ही त्यांची जणू राजधानी झाली होती. सॅव्हॉयचा मालक मो गेल हा गोरा होता आणि चार्ल्स ब्यूकॅनन हा कृष्णवर्णीय गृहस्थ तेथील कारभार पाही. १४०व्या रस्त्यापासून १४१व्या रस्त्यापर्यंत पसरलेले ते सभागृह पहिल्या मजल्यावर होते. आत वादकांसाठी दोन चौथरे होते. एक वाद्यवृंद थांबला की दुसरा तत्क्षणी सुरू करी, त्यामुळे नाचात खंड पडत नसे. नाचाची जमीन लाकडी, किंचित लवचिक. आणि पावलांच्या घर्षणाने ती इतकी झिजे की दर तीन वर्षांनी बदलावी लागे, असे सांगतात.

या सभागृहाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या दारात होते. त्या काळी जवळच कॉटन क्लब नावाचे प्रसिद्ध स्थळ होते. तेथे मंचावर वाजवणारे आणि नाचणारे कृष्णवर्णीय, आणि टेबलांवर बसणारे केवळ गोरे, अशी व्यवस्था होती. ज्यांची कला त्यांनाच पाहुणे म्हणून प्रवेश नाही! सॅव्हॉयमध्ये मात्र दोन्ही वर्णांची माणसे एकाच दारातून येत आणि एकाच जमिनीवर नाचत. देशातील बहुतेक सार्वजनिक जागा वर्णानुसार वाटलेल्या असताना हे घडत होते. तेथे तुमचा रंग कोणता, यापेक्षा तुम्हाला नाचता येते का, हे पाहिले जाई.

तेथील चिक वेब हा ड्रमवादक देहाने खुजा होता. बालपणीच्या क्षयरोगाने त्याच्या पाठीचा कणा वाकला होता. ११ मे १९३७ रोजी बेनी गुडमनचा विख्यात वाद्यवृंद त्याच्याशी सामना करण्यास सॅव्हॉयमध्ये आला. गुडमनला वृत्तपत्रे ‘स्विंगचा राजा’ म्हणत. त्या रात्री श्रोत्यांनी कौल दिला तो चिक वेबला. याच वेबच्या वाद्यवृंदात एला फिट्झजेराल्ड ही तरुण गायिका पुढे आली.

या संगीतावर लिंडी हॉप घडला. १९२७ साली लिंडबर्गने विमानाने एकट्याने अटलांटिक ओलांडला. त्याच्या त्या ‘उडी’वरून हे नाव पडले, असे परंपरेने सांगितले जाते. त्याच्या आधी चार्ल्सटन होताच. १९२३ सालच्या ‘रनिन वाइल्ड’ या कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीतिकेतून, जेम्स पी. जॉन्सन यांच्या चालीवर, चार्ल्सटन देशभर पसरला होता. लिंडी हॉपने त्याचे पदलालित्य घेतले, टॅप नृत्यातून काही घेतले, युरोपीय जोडीनृत्यातून हातात हात धरण्याची पद्धत घेतली, आणि एक अगदी नवी गोष्ट केली.

ती गोष्ट अशी. वॉल्ट्झमध्ये जोडी एकमेकांना धरून अखंड फिरत राहते. लिंडी हॉपमध्ये आठ मोजांचे एक आवर्तन असते. केरव्याच्या आठ मात्रा आपल्या कानांना परिचित आहेत; साम्य मोजणीपुरतेच, पण समजण्यास ते उपयोगी पडते. आवर्तनाच्या आरंभी दोघे जवळ येतात, एकमेकांभोवती वळतात, आणि मध्यावर एकमेकांपासून दूर फेकले जातात. आता त्यांना जोडणारा असतो केवळ एक हात. त्या दोन-तीन मोजांत प्रत्येकाने स्वतःला सुचेल ते करावे. मग हाताचा ताण त्यांना पुन्हा जवळ आणतो. जुगलबंदीत दोन कलावंत आपापल्या वाटेने जाऊन समेवर भेटतात, तेव्हा आपल्या तोंडून सहज दाद निघते. येथे ती भेट दर काही सेकंदांनी होत असते. एकाने सुचवावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे. स्वातंत्र्य घ्यावे, पण हात सोडू नये. ज्या समाजाला बाहेर कोठेही स्वातंत्र्य मिळत नव्हते, त्याने आपल्या नाचाच्या मध्यभागी स्वातंत्र्यासाठी जागा राखून ठेवली.

फ्रँकी मॅनिंग हा त्या जमिनीवरचा एक श्रेष्ठ नर्तक. त्याचा जन्म २६ मे १९१४चा. १९३५ साली सॅव्हॉयमधील एका स्पर्धेत त्याने आपली जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टन हिला पाठीवरून उलटी फिरवून तालावर जमिनीवर उतरवले. लिंडी हॉपमधील हवेतल्या उड्यांचा आरंभ तेथून झाला. १९४१ सालच्या ‘हेल्झापॉपिन’ या चित्रपटात त्याच्या पथकाचा नाच चित्रित झाला आहे. तो अवघ्या काही मिनिटांचा प्रवेश आजही पाहणाऱ्याचा श्वास रोखून धरतो. पण त्या प्रवेशातील कपडे पाहावेत. जगातील हे सर्वोत्तम नर्तक त्यात स्वयंपाकी, मोलकरणी, कामगार यांच्या वेषात आहेत. हॉलीवूडच्या पडद्यावर त्यांना मिळालेली जागा तीच होती. आज जुन्या नाचाच्या सायंकाळी उंची झगे आणि सूट घालून जाताना मला हा प्रवेश हटकून आठवतो. आपण कोणाच्या पावलांवर पाऊल ठेवतो आहोत आणि कोणाच्या वेषात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पुढे वारे फिरले. १९४३च्या वसंतात अनैतिक व्यवहारांचा ठपका ठेवून अधिकाऱ्यांनी सॅव्हॉय कित्येक महिने बंद ठेवले. दोन वर्णांची माणसे एकत्र नाचतात, हेच खरे कारण होते, असे हार्लेममधील लोकांचे ठाम मत होते. १९४४ साली सरकारने नाच-गाण्याच्या स्थळांवर जबर कर बसवला. नाचाला जागा देणे महाग झाले, नुसते बसून ऐकणे स्वस्त झाले. संगीताची आवडही बदलली. १९५८ साली सॅव्हॉय कायमचे बंद पडले आणि त्या जागी निवासी इमारती उभ्या राहिल्या. महायुद्धातून परतलेल्या मॅनिंगने काही वर्षे स्वतःचे पथक चालवले. अखेर संसारासाठी त्याने टपाल खात्यात नोकरी धरली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ केली. ज्याचा नाच राजेरजवाड्यांनी पाहिला होता, तो पत्रे वाटून-निवडून पोट भरत होता, आणि शेजारच्या टेबलावरील माणसालाही त्याची पूर्वपीठिका ठाऊक असेलच असे नव्हते.

मित्रहो, येथे या कथेने एक आश्चर्यकारक वळण घेतले. १९८०च्या दशकात काही तरुणांना जुन्या चित्रपटांतील हा नाच दिसला आणि त्यांना तो शिकावासा वाटला. चित्रफीत मागे-पुढे करून त्यांनी पावलांची नक्कल केली. पण चित्रात हाताचा दाब दिसत नाही. शरीराचे वजन केव्हा कोणत्या पायावर जाते, जोडीदाराला काय सुचवले आणि तिने काय ऐकले, हे चित्र सांगत नाही. म्हणून ते माणसांच्या शोधात निघाले. १९८४ साली काही स्वीडिश तरुण न्यूयॉर्कला आले आणि सॅव्हॉयचा जुना नर्तक ॲल मिन्स त्यांना भेटला. त्याच वर्षी तो स्टॉकहोमला जाऊन त्यांना शिकवून आला. १९८५च्या एप्रिलमध्ये तो वारला. एका वर्षाचा उशीर झाला असता, तर ती भेट घडलीच नसती.

१९८६ साली कॅलिफोर्नियातील एरिन स्टीव्हन्स आणि स्टीव्हन मिचेल या दोन नर्तकांनी मॅनिंगला शोधून काढले. फोनवर विचारले, नर्तक फ्रँकी मॅनिंग तो आपणच का? तो म्हणाला की, मी टपाल खात्यातला फ्रँकी मॅनिंग. पूर्वी नाचत असे. अशी ती आठवण सांगितली जाते. वयाच्या बहात्तराव्या वर्षी तो पुन्हा शिकवू लागला. १९८९ साली ब्रॉडवेवरील ‘ब्लॅक अँड ब्लू’ या कार्यक्रमाच्या नृत्यरचनेसाठी त्याला अन्य तिघांसह टोनी पुरस्कार मिळाला. स्टॉकहोमच्या उत्तरेस हेरँग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९८२ सालापासून भरणाऱ्या नृत्यशिबिरात तो १९८९पासून वर्षानुवर्षे शिकवीत राहिला. त्या खेड्यात उन्हाळ्यात देशोदेशींची माणसे नाचायला येऊ लागली. नॉर्मा मिलर ही त्याची तरुणपणीची सहनर्तकी. तीही शिकवू लागली. २००२ साली, सॅव्हॉय जेथे उभे होते त्या जागी बसवलेल्या स्मृतिफलकाचे अनावरण या दोघांच्या हस्ते झाले. मॅनिंग २००९ साली, आपल्या पंचाण्णवाव्या वाढदिवसाला महिना उरला असताना, निवर्तला. नॉर्मा मिलर २०१९ साली, नव्व्याण्णव वर्षांची होऊन गेली. त्याचा वाढदिवस, २६ मे, आता जगभर लिंडी हॉप दिन म्हणून नाचत साजरा होतो.

या कथेचा आपल्या गोमंतकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवण्यास आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे वादक आले. वेदरफोर्ड तर १९४५ साली कलकत्त्यासच वारला. या वादकांच्या शेजारी बसून वाजवू शकतील अशी माणसे मुंबईत कोठून मिळाली? ती आपल्या गोव्यातून मिळाली. चर्चच्या संगीतशाळांत लहानपणी स्वरलिपी शिकलेली, व्हायोलिन हाती धरलेली आमच्या गावोगावची मुले पोटासाठी मुंबईला गेली आणि हॉटेलांच्या वाद्यवृंदांत बसली. आपल्या बार्देश तालुक्यातील हळदोण्याचे आंतोनियु शावियेर वाझ ट्रंपेट वाजवीत. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले. या हॉटेलांच्या नृत्यगृहांत नाचणारे बहुधा युरोपियन, संस्थानिक, धनिक. वाजवणारे आमचे गोंयकार. चौथऱ्यावर जागा होती, जमिनीवर नव्हती. हार्लेमपासून इतक्या दूरही तीच रेषा आखलेली होती.

ती रेषा पुसण्याचे थोडेसे काम चित्रपटाने केले. १९५१ साली आलेल्या ‘अलबेला’ चित्रपटाचे संगीत सी. रामचंद्र यांचे, रामचंद्र चितळकर हे पुणतांब्याचे. त्यांच्यासोबत चिक चॉकलेट होते, आणि पडद्यावर नाचणारे भगवान पालव, आपले मास्टर भगवान. हॉटेलातला स्विंग त्या गाण्यांतून गिरणगावच्या चाळींत पोहोचला. भगवानदादांची पावले इतकी सोपी आणि मोकळी होती की ती कोणालाही नाचता यावीत. गणपतीच्या मिरवणुकीत खांदे उडवीत नाचणाऱ्या माणसाने कोणत्या नृत्यगृहाचे तिकीट काढले होते? तरीही त्याच्या पावलांत भगवानदादा सापडतात, असे लोक मानतात.

आता मी आपल्या अंगणात येते. जुन्या नाचांच्या वेषधारी सायंकाळी केवळ परदेशांतच होतात असे नाही. आपल्या ख्रिस्ती बांधवांचा मांडो घ्या. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यात हा नाच घडला. स्त्री-पुरुष समोरासमोर रांगा धरतात, स्त्रियांच्या हाती पंखा असतो, साथीला व्हायोलिन आणि घुमट. आज मांडो महोत्सवात त्या काळचे वेष करून तो सादर होतो. आणि आपल्या मराठी समाजात? श्रावणातली मंगळागौर आज सभागृहांत भरते. नऊवारी, नथ, अंबाडा असा साज करून साठी उलटलेल्या स्त्रिया आणि बँकेत काम करणाऱ्या मुली झिम्मा-फुगडी-पिंगा खेळतात. चवथीच्या दिवसांत आपल्या गावांत फुगड्यांच्या स्पर्धा होतात. गव्हर्नर्स आयलंडच्या हिरवळीवर जे चालते आणि आमच्या सभागृहात जे चालते, त्यांत मला जातीचा फरक दिसत नाही. तोच साज, तोच ठेका, तेच हातात हात.

फुगडीत दोघी हात गुंफून मागे झुकतात. एकीने हात सोडला तर दुसरी पडते. दोघींचे वजन एकमेकींना तोलते म्हणून वेग येतो. लिंडी हॉप शिकवणारेही पहिला धडा हाच देतात. मी तेथे तो चटकन उचलला, त्याचे कारण मी लहानपणी फुगडी घातली होती.

पण जो प्रश्न आपण सॅव्हॉयच्या दारात विचारला तोच आपल्या अंगणात विचारला पाहिजे. रिंगणात कोणाला जागा होती? मंगळागौर नवपरिणीत सुवासिनींची. ज्या काळाचा साज आपण आज हौसेने करतो, त्या काळी त्या नवपरिणीत मुली नऊ-दहा वर्षांच्याही असत. एका वर्षी रिंगणात नाचलेली मुलगी पुढच्या वर्षी विधवा झाली, तर ती केशवपन होऊन माजघराच्या अंधारात बसे आणि बाहेरचा झिम्मा ऐके. इतर जातींच्या स्त्रियांना तर त्या अंगणात पाऊल टाकण्याचीही मुभा नसे. जमीनदारांच्या दिवाणखान्यातला मांडो रंगत असे, तेव्हा त्यांचे शेत कसणारे बाहेरच असत. जुन्या काळाची गोडी लागलेल्या माणसाने हे विसरणे सोपे असते, कारण साज सुंदर असतो आणि बाहेर बसलेल्याचे चित्र कोणी काढलेले नसते.

यावर दोन टोकांची उत्तरे दिली जातात. काहीजण म्हणतात, ज्या काळात इतका अन्याय होता, त्या काळचा नाच नकोच. काहीजण म्हणतात, नाचताना कसला आला इतिहास, मौज करा. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. मॅनिंग आणि मिलर यांनी अपमान सोसले होते, तरी आपला नाच विसरून जा असे ते कोणाला म्हणाले नाहीत. उलट गोऱ्या, पिवळ्या, काळ्या सर्वांना त्यांनी हात धरून शिकवले. आज त्या नाचाच्या शिबिरांत कृष्णवर्णीय नर्तकांची संख्या फार थोडी असते, आणि ही उणीव कशी भरून काढावी याची चर्चा ते लोक स्वतःच करतात. नाचाबरोबर नाचाचा इतिहास शिकवणे त्यांपैकी अनेकांना आता आवश्यक वाटते. जुना नाच घ्यावा आणि ज्या दाराने माणसे अडवली ते दार मात्र जुन्या काळातच राहू द्यावे, असा हा मार्ग आहे. आपल्याकडेही काही ठिकाणी मंगळागौरीच्या रिंगणात विधवा मैत्रिणीला आग्रहाने ओढून घेतले जाते. ते मी पाहिले आहे. त्या क्षणी तो खेळ पूर्वी कधीही नव्हता इतका सुंदर होतो.

माजी विद्यार्थी मित्रांना माझी एक विनंती आहे. ॲल मिन्सच्या बाबतीत जगाला एक वर्ष मिळाले. आपल्या घरांत, वाड्यांत, शेजारच्या गावांत ज्यांना फुगडीचे वीस-पंचवीस प्रकार येतात, धालोची सारी गाणी क्रमाने येतात, अशा आज्या आहेत. आपल्या हाती दूरध्वनी आहे, त्यात चित्रफीत घेता येते. ती अवश्य घ्यावी. पण तेवढ्यावर थांबू नये. चित्रफितीत हाताचा दाब उतरत नाही, हे स्टॉकहोमच्या त्या तरुणांना कळले म्हणून त्यांनी समुद्र ओलांडला. आपल्याला तर केवळ उंबरठा ओलांडायचा आहे. त्या आजीचा हात धरावा, ती सांगेल तसे पाऊल टाकावे, तिच्या तरुणपणी रिंगणात कोण होते आणि कोण नव्हते, हेही तिला विचारावे. तिची दोन्ही उत्तरे लिहून ठेवावीत.

विद्यालयाच्या व्यवस्थापनासही सुचवावेसे वाटते की, वार्षिक स्नेहसंमेलनात मुले रंगमंचावर नाचतात आणि पालक खुर्च्यांवर बसतात, त्यात वर्षातून एक सायंकाळ अशी असावी की जेव्हा खुर्च्या बाजूला सारल्या जातील. विद्यार्थी, माजी विद्यार्थी, शिक्षक, शिपाई, आया, पालक सारे एका रिंगणात उभे राहतील. त्या सायंकाळी जुना साज जरूर करावा. फुगडी, लेझीम, मांडो, वाटल्यास भगवानदादांचे गाणे, काहीही चालेल. ज्यांच्या नावाने आपण आज जमलो आहोत ते लेझीम शिकवताना रांगेत कोणाला कोठे उभे करायचे, हे आडनाव पाहून ठरवीत नसत. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.